मेलची चाळण आणि फेरफाराची नोंद
– द्वितीय वर्ष कला

गेल्या वर्षी, मी प्रथम वर्षाला असताना, माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जात बँक खात्याचा एक आकडा चुकला होता. दुरुस्तीसाठी संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर मेल पाठवावा, अशी सूचना फलकावर लागली. आमच्या घरात यापूर्वी कोणी कार्यालयाला पत्र लिहिलेले नाही. मेल तर दूरच. म्हणून शाळेत शिकवल्याप्रमाणे ‘माननीय महोदय, सा. न. वि. वि.’ येथपासून ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ येथपर्यंत मी संपूर्ण अर्ज शुद्ध मराठीत लिहिला, पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र जोडले आणि मोबाईलवरून पाठवून दिला. विषयाची जागा मात्र रिकामी राहिली. तेथेही काही लिहायचे असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “तुझा मेल आलेला नाही.” मी म्हणालो, “मी पाठवला आहे.” त्यांनी आपला संगणक माझ्याकडे वळवून दाखवला, खरोखरच नव्हता. मी माझा मोबाईल दाखवला. त्यात पाठवल्याची तारीख-वेळ होती. दोघेही खरे बोलत होतो आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नव्हता. या गोंधळात दुरुस्तीची मुदत टळली. हप्ता हाती आला तो सात महिन्यांनी; तोपर्यंत वसतिगृहाच्या पैशांसाठी आईने बचत गटातून कर्ज काढले होते.

या वर्षी ‘कमवा व शिका’ योजनेत मला संगणक कक्षात काम मिळाले. संस्थेच्या शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि आपले महाविद्यालय या सर्वांची मेलव्यवस्था जेथून चालते, ती हीच खोली. माझा मेल कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. पण त्या शोधात जे शिकायला मिळाले, ते माझ्या एका मेलापेक्षा मोठे वाटले, म्हणून हा लेख. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. संगणकशास्त्राच्या मित्रांनी काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

नको असलेल्या घाऊक मेलाला ‘स्पॅम’ म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मूळ शब्द हॉर्मेल या अमेरिकन कंपनीच्या डबाबंद मांसाचा; तो डबा १९३७ साली बाजारात आला. १९७० साली माँटी पायथन या इंग्रज विनोदी नटमंडळींनी दूरचित्रवाणीवर एक नाटुकले केले. त्यातील खाणावळीत प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या गजरात बाकीचे बोलणे ऐकूच येत नाही. नको तो मजकूर कामाचा मजकूर बुडवतो, म्हणून पुढे संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला. पण प्रकार शब्दाच्याही आधीचा आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकदमच धाडली. हाच पहिला स्पॅम समजला जातो.

असल्या मेलांना अडवणारा जो कार्यक्रम आमच्याकडे आहे, त्याचे नाव स्पॅमअसॅसिन. जस्टिन मेसन यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. आज तो अपाची या संस्थेच्या छत्राखाली चालतो आणि कोणालाही फुकट वापरता येतो. त्याची काम करण्याची रीत परीक्षकासारखी आहे. मात्र येथे गुण जितके जास्त, तितका उमेदवार वाईट. मेल आला की शेकडो नियम त्याच्यावरून फिरवले जातात. विषय रिकामा आहे काय? सगळा विषय मोठ्या इंग्रजी अक्षरांत आहे काय? पाठवणारा संगणक बदनाम यादीत आहे काय? प्रत्येक नियमाचे गुण ठरलेले असतात. काही नियमांचे गुण उणे असतात, म्हणजे ते मेलाच्या बाजूने साक्ष देतात. सर्वांची बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की मेलावर स्पॅमचा शिक्का बसतो. ही मर्यादा मुळात ५ असते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्पॅमअसॅसिन स्वतः काहीही फेकून देत नाही. तो फक्त शिक्का मारतो. शिक्का पाहून मेल वेगळ्या कप्प्यात टाकायचा की कसे, हे पुढची व्यवस्था ठरवते. आमच्याकडे असे मेल एका कोठडीत जातात आणि तीस दिवसांनी पुसले जातात. त्या कोठडीकडे भाऊसाहेबांच्या संगणकावरून वाट नव्हती.

आता गटांकडे वळू. एकच मर्यादा आणि एकच नियम सर्वांना लावले तर काय बिघडते? आमच्या घरी आईकडे पिठाची चाळणी वेगळी आणि गव्हाची वेगळी आहे. पिठाच्या चाळणीत गहू ओतला तर एक दाणा खाली पडणार नाही. मेलांचेही असेच आहे. शिष्यवृत्ती विभागाला दिवसभर जे मेल येतात त्यांत ‘बँक खाते’, ‘रक्कम जमा’, ‘तातडीने’, ‘अंतिम मुदत’ हे शब्द असतात, आणि नेमके हेच शब्द लबाडांच्या मेलांतही असतात. ग्रंथालयाला प्रकाशकांच्या जाहिराती हव्याच असतात. त्याच जाहिराती परीक्षा विभागाला कटकट वाटतात. क्रीडा विभागाला येणारा मेल बहुधा एका ओळीचा, बिनमायन्याचा आणि छायाचित्रांनी भरलेला असतो. जो मेल एकाला कचरा, तो दुसऱ्याला काम.

सर्वांत मौजेचे उदाहरण तक्रारीच्या पत्त्याचे. प्रत्येक मेलव्यवस्थेने ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता चालू ठेवावा, असा इंटरनेटच्या नियमावलीचा दंडक आहे. गैरवापराच्या तक्रारींसाठी ‘अब्यूज’ या नावाचाही ठेवावा, असे १९९७ च्या एका नियमपत्रात सांगितले आहे. आता विचार करा, तक्रार करणारा काय करील? तुमच्याकडून हा स्पॅम आला म्हणून तो अख्खा स्पॅमच पुरावा म्हणून जोडील. या पत्त्यावर चाळणी घट्ट ठेवली तर ती तक्रारच गिळून टाकील आणि आपल्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नाही अशा समाधानात आपण राहू! म्हणून या गटाला चाळणी जवळजवळ नसावीच लागते. अमाविस नावाचा दुसरा एक कार्यक्रम आहे. त्यात अशा पत्त्यांच्या सोयीसाठी जो रकाना असतो, त्याचे नावच ‘स्पॅम लव्हर’, म्हणजे स्पॅमप्रेमी असे आहे. अमाविसच्या नमुना कोष्टकात धोरणांना दिलेली नावेही अशीच खेळकर आहेत. एका कडक धोरणाचे नाव ‘ट्रिगर हॅपी’, म्हणजे बंदुकीचा चाप ओढायला उतावीळ. कडक मर्यादा ठेवणाऱ्याने हे नाव एकदा स्वतःला लावून पाहावे.

स्पॅमअसॅसिनमध्ये मात्र ‘गट’ अशी वेगळी सोय नाही. त्याला दोनच गोष्टी मुख्यतः कळतात, सर्वांसाठीची मांडणी आणि एका माणसाची स्वतःची मांडणी. मग गट कसे करायचे? युक्ती सोपी आहे. गटालाच माणूस मानायचे. मेल कोणत्या पत्त्यावर चालला आहे हे पाहून मेलव्यवस्था चाळणीला सांगते की हा ‘शिष्यवृत्ती’ नावाच्या माणसाचा मेल आहे. असा माणूस प्रत्यक्षात नाही. पण चाळणीला त्याच्याशी काय देणेघेणे! एकच मेल दोन गटांतील लोकांना आला असेल तर मात्र त्याच्या प्रती वेगळ्या झाल्यानंतरच चाळणी लावावी लागते, नाहीतर एकाच्या मापाने दुसऱ्याचे मोजले जाते.

ही सगळी मांडणी एका कोष्टकात असते. कोष्टकाचे मुख्य रकाने तीन: नाव, बाब आणि किंमत. उदाहरणार्थ, नाव ‘शिष्यवृत्ती’, बाब ‘मर्यादा’, किंमत ४. सर्वांसाठीच्या नोंदी ज्या खास नावाखाली असतात, त्याची सुरुवात ॲटच्या चिन्हाने होते. चाळणी आधी नावांची क्रमवारी लावते आणि वरून खाली वाचत जाते. एकाच बाबीवर दोन नोंदी सापडल्या तर जो नंतर बोलतो त्याचे खरे. ॲटचे चिन्ह रोमन अक्षरांच्या आधी येते, म्हणून सर्वसाधारण नियम आधी वाचला जातो आणि गटाचा नियम त्याच्यावर मात करतो. किती साधी आणि सुंदर योजना! पण तिनेच आम्हाला एकदा चकवले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या बारावीच्या कामासाठी जो गट होता, त्याचे नाव ‘१२’ या आकड्याने सुरू होत होते. आमच्या कोष्टकाच्या क्रमवारीत आकडे ॲटच्याही आधी येतात. परिणाम असा, की त्या गटाची नोंद आधी वाचली जाई आणि सर्वसाधारण नियम तिच्यावर मात करी. कोणी तरी मोठ्या विचाराने त्या गटाला दिलेली सवलत कोष्टकात स्वच्छ दिसत होती, पण एक दिवसही लागू झालेली नव्हती.

आता माझ्या मेलाविषयी. जुना मेल कोठडीतून केव्हाच पुसला गेला होता. पण माझ्या मोबाईलमध्ये त्याची प्रत होती. सरांच्या परवानगीने मी तोच अर्ज, त्याच छायाचित्रासह, विषय रिकामाच ठेवून, पुन्हा त्याच पत्त्यावर पाठवला आणि कोठडीत जाऊन पाहिले. तो तेथे होता. प्रत्येक मेलाच्या माथ्यावर, एरवी न दिसणाऱ्या ओळींत, चाळणी आपला निकाल लिहून ठेवते. किती गुण पडले, मर्यादा किती होती आणि कोणकोणते नियम लागू झाले. माझे गुण होते ४.३. मर्यादा होती ४. लागू झालेल्या नियमांत रिकाम्या विषयाचा नियम होता, ते योग्यच झाले. पण निम्म्याहून अधिक गुण एकाच नियमाने दिले होते, आणि त्या नियमाचा अर्थ असा, की मजकूर नको असलेल्या भाषेत आहे.

मी ती ओळ दोनदा वाचली. नको असलेली भाषा म्हणजे मराठी.

स्पॅमअसॅसिनला जोडता येणारा एक भाग मजकुराची भाषा ओळखतो. हा भाग मुळात बंद असतो. तो मुद्दाम चालू करावा लागतो. चालू केला तरी मूळ मांडणीत सर्व भाषा चालतात. त्याला माहीत असलेल्या भाषांत मराठीही आहे. म्हणजे यंत्राचा मराठीवर राग नाही. आमच्या कोष्टकात मात्र शिष्यवृत्ती गटासमोर ‘चालणाऱ्या भाषा’ या बाबीत एकच भाषा लिहिली होती, इंग्रजी. यातला सर्वांत बोचणारा भाग पुढेच आहे. मजकूर फारच तोकडा असेल तर हा भाग भाषेचा अंदाज बांधत नाही. मी ‘खाते नंबर चुकला, दुरुस्त करा’ एवढेच लिहिले असते तर तो गप्प बसला असता. शाळेत शिकवल्याप्रमाणे मायन्यासकट पानभर अर्ज लिहिला, म्हणूनच त्याला भाषा ओळखता आली. हाच मेल ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवून पाहिला, तर तो बिनतक्रार पोचला.

सर्वप्रथम मला संताप आला, हे कबूल करतो. आपल्या संस्थेत शिष्यवृत्तीसाठी लिहिणारे विद्यार्थी कोण असतात? बहुतेक माझ्यासारखेच, खेड्यांतून आलेले, इंग्रजीत अर्ज लिहायला बिचकणारे. ज्या गटाकडे सर्वांत जास्त मराठी पत्रे येणार, त्याच गटाने मराठीला दंड ठेवावा? असे किती मेल गेले असतील, याचा हिशेब आज करता येत नाही, कारण कोठडी महिन्याला रिकामी होते. आणि ज्यांचे गेले त्यांनी, मीही केले तेच केले असणार. आपलेच काही चुकले असेल असे समजून ते गप्प बसले असणार.

मी सरांना म्हणालो, ती नोंद काढून टाकू या. सर म्हणाले, “थांब. कोणीतरी काही कारणाने ठेवली असेल. कारण कळल्याशिवाय हात लावायचा नाही.” तेव्हा मला हे बोलणे टाळाटाळीचे वाटले. आता वाटते, त्यात अर्धे सत्य होते. नोंद ठेवणारे गृहस्थ संस्था सोडून गेले होते. कोष्टकात ‘काय’ लिहिले होते, ‘का’ कुठेच नव्हते. आणि ज्याचे कारण माहीत नाही असा नियम मोडायला माणूस, तो नियम समजलेल्यापेक्षाही जास्त घाबरतो. चौकशी करता करता कार्यालयातील एका जुन्या शिपाईकाकांना आठवले, की काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत ‘वळवळणाऱ्या अक्षरांचे’ मेल शेकड्याने येत आणि भाऊसाहेबांचा जीव मेटाकुटीस येई. बहुधा ते रशियन किंवा चिनी लिपीतले असावेत. त्या पुरावर उपाय म्हणून कोणी भाषा इंग्रजीपुरती आवळली आणि मर्यादा ५ वरून ४ वर आणली. हेतू चांगला होता. पूर ओसरला, बांध तसाच राहिला.

येथे मला आमच्या गावच्या तलाठी चावडीची आठवण झाली. वडिलांबरोबर सातबारा काढायला मी अनेकदा गेलो आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी एक लहानसा आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव येथे का आले, खरेदीने, वारसाने की वाटणीने, हे त्या आकड्यावरून गाव नमुना सहामध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत शोधता येते. नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. प्रत्यक्षात या व्यवहारात किती चपला झिजतात हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. पण कल्पना पाहा! सातबारा सांगतो काय आहे. फेरफार सांगतो का आहे. आमच्या चाळणीला सातबारा होता, फेरफार नव्हता.

तो करायचे आम्ही ठरवले. कोष्टकात कारण लिहायला जागा नाही, असे मला आधी वाटले होते. पण स्पॅमअसॅसिनच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे, की ते मुख्य रकाने असले म्हणजे झाले. बाकी हवे तितके रकाने तुम्ही जोडा. ही मुभा इतकी वर्षे पडून होती. आम्ही चार रकाने जोडले: कारण, कोणी, केव्हा आणि पुन्हा केव्हा पाहायचे. चाळणी ते वाचत नाही. ते माणसांसाठी आहेत. सर्वांसाठीची जी मांडणी साध्या मजकुराच्या धारिकेत असते, तेथे तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की पुढचे सगळे टिपण म्हणून सोडले जाते. त्याशिवाय एक जाड वहीही ठेवली आहे, कारण सर्व्हर बंद पडल्यावर सर्व्हरवरचे टिपण वाचता येत नाही. सरांनी या वहीला हसून ‘नमुना सहा’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

प्रत्येक गटाला वहीत एक पान आहे. या गटात कोणते पत्ते, येथे कोणाकडून मेल अपेक्षित, ते कोणत्या भाषेत, चुकून अडला तर कोणाचे काय नुकसान, एवढे आधी लिहायचे आणि मगच आकडा ठरवायचा. हा क्रम उलटा केला की आकडा आधी ठरतो आणि कारण नंतर शोधले जाते, असा अनुभव आला. ‘नुकसान’ या ओळीवर आम्ही सर्वांत जास्त वाद घातला. स्पॅम आत आला तर भाऊसाहेबांचे दहा सेकंद जातात. अर्ज बाहेर राहिला तर एखाद्याचे वर्ष जाऊ शकते. म्हणून शिष्यवृत्ती गटाची मर्यादा पुन्हा ५ झाली आणि भाषेची अट गेली. एक आठवडा आम्ही लक्ष ठेवले; त्या गटात एकंदर चार निरुपयोगी मेल जास्त आले. भाऊसाहेबांनी ते स्वतः मोजले. याशिवाय रोज सकाळी कोठडीतल्या मेलांची नुसती यादी, म्हणजे पाठवणारा आणि विषय, भाऊसाहेबांकडे जाते. खरे सांगायचे तर सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला आहे.

वहीत काही इशारेही लिहिले आहेत. त्यांतील दोन सांगतो. पहिला विश्वासू पाठवणाऱ्यांच्या यादीविषयी. अमुक पत्त्यावरून आलेला मेल सोडून द्यावा, असे सांगता येते. तशा मेलाला मुळातच उणे शंभर गुण मिळतात, म्हणजे तो कितीही वाईट असला तरी पार. पण मेलावरचा ‘प्रेषक’ कोणीही खोटा लिहू शकतो, जसे पाकिटाच्या मागे कोणाचेही नाव लिहिता येते. सरकारी खात्याचा पत्ता साध्या यादीत घातला की त्या खात्याचे सोंग घेणाऱ्या लबाडालाही दार उघडते. यासाठी या यादीचा दुसरा प्रकार वापरावा. त्यात मेल खरोखर त्याच ठिकाणाहून आला की नाही, याची सहीसारखी खूण आधी तपासली जाते. येथे शब्दांचीही एक गंमत आहे. या याद्यांना पूर्वी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशा अर्थाची नावे होती. २०२२ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती बदलून ‘स्वागताची’ आणि ‘अडवणुकीची’ अशा अर्थाची झाली. जुनी टिपणे वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून आम्ही वहीत दोन्ही लिहिली आहेत.

दुसरा इशारा गटांच्या संख्येविषयी. गट करण्याची एकदा चटक लागली की प्रत्येक विभागाला स्वतःचा गट हवासा वाटतो. पण चाळणीचा एक भाग अनुभवावरून शिकतो. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक टॉमस बेज यांनी मांडलेल्या संभाव्यतेच्या गणितावर तो चालतो. मेल गाळण्यासाठी या पद्धतीचा बोलबाला पॉल ग्रॅहम यांच्या २००२ सालच्या एका लेखाने झाला. हा भाग किमान दोनशे चांगले आणि दोनशे वाईट मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आमच्या मांडणीत प्रत्येक गटाची शिकवणी वेगळी आहे. आठवड्याला पाच मेल येणाऱ्या गटाला दोन्हीकडचा दोनशेचा पल्ला गाठायला दीड वर्षाहून अधिक काळ लागेल, तोवर त्याची चाळणी अडाणीच राहणार. आमच्याकडे एकोणीस गट होते. आता सात आहेत. ज्यांचा गट मोडला त्या विभागांना थोडे वाईट वाटले. पण दोन गटांच्या पानांवर तीच कारणे लिहावी लागत असतील तर ते दोन गट नव्हेतच, एवढे वहीमुळे उघड झाले होते.

मांडणी बदलली की तपासणी. आधी मांडणीतील चुका दाखवणारी आज्ञा द्यायची. मग प्रत्येक गटाच्या पत्त्यावर दोन मेल पाठवायचे. एकात जीट्यूब या नावाची ठरावीक अक्षरमाळ असते. ती दिसताच चाळणीने हजार गुण द्यावेत असे ठरलेले आहे, म्हणजे तो मेल अडलाच पाहिजे. नाही अडला तर चाळणी झोपलेली आहे. दुसरा मेल म्हणजे माझा जुना अर्ज, ‘माननीय महोदय’पासून ‘आज्ञाधारक विद्यार्थी’पर्यंत, विषय रिकामा ठेवून. तो पोचलाच पाहिजे. खाते क्रमांक तेवढा मी पुसला आहे. गेल्या सहा महिन्यांत हा अर्ज मी इतक्या वेळा पाठवला आहे, की परवा भाऊसाहेब म्हणाले, “अरे, आता तरी याला शिष्यवृत्ती देऊन टाका.”

वहीत सध्या एकतीस नोंदी आहेत. प्रत्येकीखाली सरांची सही आहे, आणि ज्या विभागाचा गट, त्या विभागाचीही; हरकतीला आम्ही पंधरा नव्हे, तीन दिवस देतो. नोंद क्रमांक १ अशी आहे: ‘गट शिष्यवृत्ती. चालणाऱ्या भाषा: सर्व. कारण: विद्यार्थी मराठीत लिहितात. पुन्हा पाहणे: जूनचा पहिला आठवडा, प्रवेश सुरू होण्यापूर्वी.’ त्या जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षात असेन आणि त्यानंतरच्या जूनमध्ये येथे नसेन. ‘कमवा व शिका’ योजनेत संगणक कक्षात काम करण्याची ज्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची इच्छा असेल, त्यांनी दुपारी दोननंतर येऊन वही पाहावी. संगणक येत नसला तरी चालेल. अक्षर चांगले असावे.